क्रीडामंत्र्यांना खुले पत्र: पार्टी प्लॉटवरच्या कुस्त्या आणि तिकिटामागचे गुण

प्रति,
माननीय क्रीडामंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

सा. न. वि. वि.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे बडोद्यात एका पार्टी प्लॉटवर ‘प्रो रेसलिंग’चा कार्यक्रम झाला. तिकिटाच्या मागे चौकटी छापल्या होत्या. प्रत्येक कुस्तीला १ ते ५ गुण द्यायचे, सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या जोडीला इनाम. आमच्या तालमीत चार वर्षं घाम गाळलेला एक मुलगा त्यात उतरला होता. तो दोरावर चढला, उलटी कोलांटी घेतली आणि खाली मांडलेल्या फळीवर खांद्याऐवजी मानेवर आला. लोक उभे राहून ओरडले. मी तिकिटावर ५ लिहिले.

तो उठत नाही हे कळायला आम्हाला दोन-तीन मिनिटं लागली, कारण न उठणं हाही त्या खेळाचाच भाग असतो. रुग्णवाहिका नव्हती. मंडपवाल्याच्या छोटा हत्तीत गादी टाकून त्याला नेलं. आज तो हिंडतो-फिरतो, पण डाव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत. इनाम मात्र आयोजकांनी घरी आणून दिलं.

‘नुरा कुस्ती ती, तिथं कसलं लागतं?’ असं आमचे वस्तादसुद्धा म्हणाले. निकाल ठरलेला असतो हे खरंच आहे. पण आमच्या हौद्यातली माती रोज उकरतात, तेल-ताक-हळद घालून ती लोण्यासारखी करतात. रिंगमध्ये लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि ताणलेलं कापड. हनुवटी छातीला चिकटवून त्यावर पडायला शिकण्यातच महिने जातात. पार्टी प्लॉटवरच्या पोरांना ते कुणी शिकवलं होतं, देव जाणे.

गुण देण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः वही ठेवतो. अमेरिकेतले पत्रकार डेव्ह मेल्टझर कित्येक दशकं कुस्त्यांना तारे देत आले आहेत. पाच म्हणजे कळस असं मानलं जायचं, पण जपानच्या रिंगमधल्या ओकाडा आणि ओमेगा या मल्लांच्या कुस्त्यांना २०१७ साली सहा आणि २०१८ साली सात मिळाले. तारे कथेला, वेळ साधण्याला, अभिनयालाही असतात. तरीही ९ एप्रिल २०१७ ची टोकियोतली कुस्ती मला विसरता येत नाही. शिबाता या मल्लानं ओकाडाला कपाळानं अशी टक्कर दिली की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. कुस्ती संपल्यावर शिबाताच कोसळला, मेंदूत रक्तस्राव झाला होता, शस्त्रक्रिया करावी लागली. पुढची चार वर्षं तो रिंगबाहेर होता. त्या कुस्तीला पाच तारे आहेत. माझ्या वहीतही पाचच आहेत, खोडलेले नाहीत. आणि पाच तारे ज्यांनी वारंवार मिळवले ते जपानी मल्ल मिसावा जून २००९ मध्ये हिरोशिमात रिंगमध्येच कोसळले आणि गेले, आयुष्यभर सोसलेल्या एका साध्याच डावानं. वय ४६.

बडोद्याला हे नवीन नाही. १८६०च्या दशकात खंडेराव महाराजांच्या काळात एका फ्रेंच प्रवाशानं इथली नक्कीची कुस्ती पाहिली: शिंगाची नखं मुठीत धरून एकमेकांना फाडणारे मल्ल. पुढे याच गावात माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणलं. ते मोडलेली हाडं बसवण्यासाठीही प्रसिद्ध होते. मला हे दुसरं बडोदं जास्त आवडतं.

तो मुलगा पडल्यानंतर मी दोन कार्यालयांत जाऊन आलो. एकात सांगितलं, हा खेळ नाही, करमणूक आहे. दुसऱ्यात म्हणाले, कुस्ती आहे, आमच्याकडे येत नाही. १९८९ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या सिनेटपुढे बड्या कुस्ती कंपनीनं (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) स्वतःहून ‘ही करमणूक आहे’ असं कबूल केलं, ते उगीच नाही. त्या विधेयकात कुस्तीआधीच्या वैद्यकीय तपासणीची अटही काढायची होती. ‘करमणूक’ म्हटलं की डॉक्टर लागत नाही. १८ जानेवारी २०२४ ला इथल्या हरणी तलावात बोट उलटून सहलीला आलेली शाळकरी मुलं बुडाली, त्यानंतर करमणुकीच्या परवान्याबद्दल या शहराला आणखी काय सांगायचं?

तेव्हा हा खेळ की तमाशा हा वाद आपण बाजूला ठेवावा. परवान्याच्या कागदावर एवढं असावं: रिंगजवळ डॉक्टर, आणि कुस्ती थांबवायचा अधिकार त्याचाच. दारात रुग्णवाहिका. उतरणाऱ्या प्रत्येकाचा विमा, आयोजकाच्या खर्चानं. डोक्यात खुर्ची मारायला बंदी, जी डब्ल्यूडब्ल्यूईनं २०१० मध्येच घातली. आणि तिकिटामागच्या गुणांवर इनाम नको. गुण द्यावेत, पैसे त्याला बांधू नयेत. पंधराशे रुपयांवर उतरणारा पोरगा अकरा हजारांसाठी काय काय करेल, हे मी पाहिलं आहे.

दिवाळीनंतरच्या कार्यक्रमाचे फलक रावपुऱ्यात लागले आहेत. त्या मुलाचा फोटो त्यावर आहे. परवाना अजून निघाला नसेल, तर एवढं बघावं.

आपला,
दांडिया बाजारातल्या एका तालमीचा जुना विद्यार्थी