समोरच्या बाजूचा चार्जर आपल्या कामाचा नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की वर्धा रोडने, समृद्धी महामार्ग जिथे सुरू होतो त्या शिवमडक्याकडे निघणाऱ्या हिरव्या नंबर प्लेटच्या गाड्या वाढू लागतात. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणाने समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारना टोल माफ केला आहे. त्यामुळे शिर्डी, नाशिक, पुणे-मुंबईला इलेक्ट्रिक गाडीने जावे का, हा विचार नागपुरातल्या बऱ्याच घरांत चालू आहे. जरूर जावे. फक्त निघण्यापूर्वी हिशेब नीट मांडावा, आणि हा हिशेब ज्या माहितीवर उभा राहतो ती माहिती रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेने द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

पहिली चूक नकाशा पाहतानाच होते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी हा दोन्ही बाजूंनी बंदिस्त रस्ता आहे, मध्ये वळायला जागा नाही. मोबाइलवर चार्जरची खूण रस्त्यावरच दिसते, पण तो चार्जर नागपूरकडे येणाऱ्या बाजूला असेल तर मुंबईकडे निघालेल्याला तो डोळ्यांसमोर असूनही मिळत नाही. पुढच्या इंटरचेंजला उतरून उलट्या दिशेने चार्जरपाशी यायचे, चार्जिंग झाल्यावर मागच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन पुन्हा वळायचे. दोन इंटरचेंजमध्ये सरासरी २५ ते ३० किलोमीटर अंतर आहे. म्हणजे या फेऱ्यात ५० ते ६० किलोमीटर जादा गेले, आणि ४५ युनिटच्या (म्हणजे ४५ किलोवॅट-तासाच्या) बॅटरीचा साधारण पाचवा हिस्सा त्यातच संपला. म्हणून प्रत्येक थांबा सॅटेलाइट नकाशावर मोठा करून बघावा आणि तो आपल्याच बाजूच्या पेट्रोल पंपात आहे ना, याची खात्री करावी. परतीच्या थांब्यांची यादी वेगळी काढावी. जातानाचेच थांबे येताना मिळतील, हे गृहीत धरू नये.

दुसरा प्रश्न वेगाचा. समृद्धीवर सपाट भागात कारला ताशी १२० ची मुभा आहे, पण वाऱ्याचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० वरून १२० वर गेले की तो १.४४ पट होतो. चार माणसे, सामान आणि एसी चालू असताना मध्यम आकाराच्या गाडीला ताशी १०० ला एका युनिटमागे साधारण ६.२ किलोमीटर आणि १२० ला ४.८ किलोमीटर धरावेत. आपल्या गाडीचा खरा आकडा ट्रिप मीटरवर दिसतो, तो घ्यावा. कंपनीने छापलेली रेंज या हिशेबात आणूच नये.

नागपूर ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर ४३० किलोमीटर धरू. १२० ने ते ३ तास ३५ मिनिटांत कापले जाते, १०० ने ४ तास १८ मिनिटांत. वाचली ४३ मिनिटे. पण १०० ला सुमारे ६९ युनिट लागतात आणि १२० ला ९० च्या घरात, म्हणजे वीस युनिट जास्त. ते ३० किलोवॅटच्या गनवर (चार्जरच्या केबलचे गाडीत लावायचे टोक) भरायला ४० मिनिटे, शिवाय गाडी वळवणे, ॲप उघडणे, गन लावणे यात दहा मिनिटे जातात. वाचलेला वेळ तिथेच खर्च झाला. गन ६० किलोवॅटची असली आणि प्रत्यक्षात सरासरी ४५ मिळाले, तरी फायदा जेमतेम पाच-सात मिनिटांचा, आणि तेवढ्यासाठी एका जादा चार्जरवर विसंबून राहावे लागते. १०० च्या वेगाने याच गाडीला दोन थांबे पुरतात: घरून १०० टक्के भरून निघायचे, पहिला थांबा कारंजा-शेलूबाजार पट्ट्यात, तिथे ८० टक्के भरून दुसरा जालन्याच्या आसपास.

८० टक्केच का? रिकाम्या बॅटरीला चार्जर जोरात वीज देतो, पण ८० नंतर गाडीच प्रवाह कमी करत जाते. ४५ युनिटची बॅटरी २० वरून ८० वर नेण्यासाठी सरासरी ४५ किलोवॅट मिळाले तर ३६ मिनिटे लागतात. शेवटच्या वीस टक्क्यांत सरासरी १५ किलोवॅटच मिळतात, म्हणून उरलेल्या ९ युनिटलाही तेवढीच ३६ मिनिटे. मागे रांग असताना ८० च्या पुढे गन अडवून बसणे हा दुसऱ्याच्या वेळेवर अन्याय आहे. पुढचा चार्जर खरोखरच लांब असेल तेव्हाच वर जावे.

आता चार्जरवर लिहिलेल्या आकड्याबद्दल. ६० किलोवॅटच्या खांबाला दोन गन असतील आणि दोन्हीकडे गाड्या लागल्या, तर बहुतेक ठिकाणी प्रत्येकी ३० मिळतात. एकटी गाडी असली तरी पूर्ण ६० मिळतीलच असे नाही. वीज म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. गाडीची बॅटरी ३२० व्होल्टवर असेल आणि गनची मर्यादा १५० अँपिअर असेल, तर ४८ किलोवॅटच्या वर काटा जाणार नाही. गाडी स्वतःच ३० च्या वर घेत नसेल तर १२० च्या चार्जरवरही ३० च मिळतील. ॲपमध्ये गनचा प्रकारही पाहावा. आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक कारना सीसीएस-२ गन लागते. भारत डीसी-००१ असे लिहिलेले जुने १५ किलोवॅटचे चार्जर त्यांना लागतच नाहीत, आणि टाइप-२ म्हणजे एसी चार्जिंग, जे रात्रीच्या मुक्कामाला ठीक.

चार्जर बंद आहे असे म्हणून लोक ज्या ठिकाणाहून निघून जातात, त्यांपैकी काही ठिकाणी दोष फार किरकोळ असतो. खांबावरचे लाल इमर्जन्सी बटण कोणी तरी दाबलेले असते. ते बाणाच्या दिशेने थोडे फिरवले की टक्‌ करून बाहेर येते आणि मिनिट-दोन मिनिटांत चार्जर पुन्हा सुरू होतो. अर्थात आधी आजूबाजूला बघावे. जळका वास, तुटलेली केबल, साचलेले पाणी दिसले तर बटणाला हात न लावता हेल्पलाइनला कळवावे. दुसरा नेहमीचा घोळ गनच्या वजनाचा आहे. जाड केबलच्या ओढीने गन सॉकेटमध्ये खाली लोंबते, पिना पूर्ण बसत नाहीत आणि स्क्रीनवर जोडणी अयशस्वी येते. गन आत दाबून, खालून हाताने उचलून धरावी आणि लॉक झाल्याचा आवाज येऊन युनिट मोजायला सुरुवात होईपर्यंत सोडू नये. गन अडकून बसली तर ॲपवरून चार्जिंग थांबवावे, गाडी लॉक करून पुन्हा अनलॉक करावी. तरीही सुटली नाही, तर अनेक गाड्यांना बॉनेटखाली किंवा डिकीत हाताने ओढायची दोरी असते. ती कुठे आहे हे घरीच मॅन्युअलमध्ये बघून ठेवावे.

पैशांची तयारीही घरीच करावी. दोन-तीन कंपन्यांची ॲप्स उघडून, ओटीपीचे सोपस्कार उरकून, प्रत्येक वॉलेटमध्ये तीन-चारशे रुपये भरून ठेवावेत. मोबाइलला रेंज नसलेल्या पंपावर यूपीआय फिरत बसते आणि गन हातात घेऊन माणूस उभा राहतो.

ॲपवर 'उपलब्ध' दिसते म्हणजे चार्जर चालू आहे असे समजू नये. त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हरच्या मते तिथे गाडी लागलेली नाही. शेवटचे यशस्वी चार्जिंग कधी झाले ते पाहावे. कालचे किंवा आजचे असेल तर भरवसा ठेवावा, तीन आठवड्यांपूर्वीचे असेल तर तो थांबा यादीतून काढावा. आणि नियम एकच पाळावा: कोणत्याही चार्जरवर पोचताना, तो बंद निघाला तर पुढच्या चार्जरपर्यंत नेणारी वीज आणि वर दहा टक्के बॅटरीत शिल्लक हवी. पुढचा चार्जर ५० किलोमीटरवर असेल तर ८ युनिट, म्हणजे १८ टक्के, आणि वर १०. हातात २८ टक्के असतानाच पहिल्या चार्जरवर पोचायचे. पाच टक्क्यांवर पोचायचा बेत आखणारा पूर्णपणे त्या एका गनच्या भरवशावर असतो.

उन्हाळ्यात हे सगळे आणखी कडक होते. मे महिन्यात, विशेषतः नवतपात, नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी दोनला उन्हात तापलेल्या खांबातली यंत्रणा स्वतःला वाचवायला वीज कमी करते, धुळीने भरलेले फिल्टर त्यात भर घालतात, आणि गाडीची बॅटरी गरम असेल तर तीही प्रवाह आखडते. तासाला दीड युनिट तर एसीच खातो. उपाय सोपा आहे. पहाटे पाचला निघावे, म्हणजे पहिले चार्जिंग सातच्या सुमारास आणि दुसरे दहाच्या आत होते. टायरची हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. समृद्धीच्या सिमेंट रस्त्यावर कमी हवेचा टायर फार तापतो, आणि रेंजही खातो.

चिखलदऱ्याचा हिशेब वेगळा आहे. परतवाड्यापासून वर सुमारे साडेसातशे मीटरचा चढ आहे. भरलेली गाडी १,९०० किलोची धरली तर नुसते वजन वर न्यायलाच चार युनिट लागतात, रस्त्याचा खर्च वेगळा. म्हणून अमरावतीलाच ९० टक्के भरावे. तेवढ्यात वर जाऊन पुन्हा अमरावतीला परतता येते, वरच्या चार्जरवर काही अवलंबून राहत नाही. वर हॉटेलात प्लग मिळालाच तरी १०० टक्के भरू नये. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज परत घ्यायला जागा नसते, रिजनरेशन बंद पडते आणि घाटात सगळा भार ब्रेकवर येतो.

मुक्कामाच्या हॉटेलला 'ईव्ही चार्जिंग आहे का' असे विचारू नये, हो असेच उत्तर येते. पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा प्लग आहे का आणि त्याला अर्थिंग आहे का, हे विचारावे. अर्थिंग नसेल तर सोबतच्या चार्जरचा लाल दिवा लागतो आणि गाडी वीज घेत नाही. असा प्लग तासाला साधारण तीन युनिट देतो, ३० युनिट भरायला रात्रीचे दहा तास. मध्ये घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड लावू नये, तासन्‌तास एवढा प्रवाह त्याला झेपत नाही आणि प्लास्टिक वितळते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. चटका बसत असेल तर चार्जिंग थांबवावे, आणि गाडीत सोय असेल तर प्रवाह १० अँपिअरवर आणून पुन्हा सुरू करावे. ताडोबाला हीच पद्धत उत्तम. सफारी जिप्सीतून होते, आपली गाडी रिसॉर्टला उभीच असते.

हे सगळे चालकाने करायचे. पण कोणता चार्जर कोणत्या बाजूला आहे आणि आज चालू आहे का, हे चालकाला घरबसल्या खात्रीने कळू शकत नाही. राज्याच्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला वेगवान चार्जिंगचे उद्दिष्ट आहे. ते बसवलेल्या खांबांवर न मोजता प्रत्येक दिशेच्या चालू गनवर मोजावे. समृद्धीच्या प्रत्येक प्रवेशद्वारावर फलक हवा: या दिशेने पुढचा चार्जर किती किलोमीटरवर, किती किलोवॅटचा, गन किती, आणि त्यानंतरचा कुठे. एखादा बंद असेल तर आधीच्या इंटरचेंजला तसे दिसले पाहिजे, कारण बाहेर पडून गावातल्या चार्जरकडे जायचा निर्णय तिथेच घेता येतो, पुढे नाही. चार्जरपुढची जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखून तिथे इतर गाड्या उभ्या राहू देऊ नयेत. वर पत्र्याचे का होईना छप्पर आणि रात्री दिवा असावा. दिवाळीच्या आठवड्यात, मेच्या सुट्टीत आणि डिसेंबरमधल्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात प्रत्येक चार्जिंग थांब्यावर एक माणूस नेमावा. लाल बटण फिरवणे, गन नीट बसवून देणे, रांग लावणे आणि बंद पडलेला खांब लगेच कळवणे, एवढेच त्याचे काम.

आपला,
एक ईव्हीचालक वाचक,
नागपूर