२०२०-२१ च्या मुंबई सिटीचं श्रेय कोणाचं?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा २०२०-२१ चा हंगाम म्हणजे निव्वळ पैशाचा खेळ, असं तू एका वाक्यात लिहून मोकळा झालास. पुढच्याच ओळीत 'तरी बिपिनने वाचवलं' असंही म्हटलंस, म्हणजे डावा विंगर बिपिन सिंगने. दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या असतील? एक तर सगळं पैशाने झालं, नाहीतर अंतिम सामन्यातल्या नव्वदाव्या मिनिटाच्या त्याच्या एका गोलने. मला दोन्ही पटत नाहीत. का, ते सविस्तर लिहितो. पत्र लांबेल, चहा घेऊन बस.

आधी आकडे. लीगमध्ये २० सामने, १२ विजय, ४ बरोबरी, ४ पराभव, एकूण ४० गुण. ३५ गोल केले, १८ खाल्ले. एटीके मोहन बागानचेही बरोबर ४०च गुण होते. लीगमध्ये पहिल्या येणाऱ्या संघाची शिल्ड मुंबईला मिळाली ती आपसांतले दोन्ही सामने जिंकल्यामुळे. जानेवारीत १-० आणि २८ फेब्रुवारीला बांबोळीत २-०. त्या शेवटच्या सामन्यात बागानला नुसती बरोबरी पुरली असती. मग करंडकासाठी १३ मार्चला फातोर्ड्यात अंतिम सामना, पुन्हा बागानविरुद्ध, २-१. एकाच मोसमात शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकणारा हा आयएसएलमधला पहिला संघ.

आता पैसा. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये क्लबचे ६५ टक्के समभाग घेतले, हे खरं. पण त्या पैशाने काय विकत घेतलं ते बघ. त्यांनी एक तयार यंत्र उचललं, आणि ते यंत्र जुळवलं होतं गोव्यात. प्रशिक्षक सर्जियो लोबेरा २०१७ मध्ये एफसी गोवाला आला. मिडफिल्डर अहमद जाहू त्याच वर्षी आला, सेंटर बॅक (मधला बचावपटू) मुर्तदा फॉल आणि आक्रमक मिडफिल्डर ह्यूगो बूमूस पुढच्या हंगामापर्यंत आले. मंदार राव देसाई तिथे आधीपासून होता, पण डावा विंगर म्हणून. त्याला लेफ्ट बॅक (डावा बचावपटू) केलं लोबेराने. मार्च २०१९ च्या उपांत्य फेरीत याच गोवा संघाने मुंबईला अंधेरीत येऊन ५-१ हरवलं होतं, आठवतं ना? २०१९-२० मध्ये गोव्याने १८ सामन्यांत ३९ गुण आणि ४६ गोल करून शिल्ड घेतली. लीगचे तीन सामने उरले असताना क्लबने लोबेराला काढलं, आणि उरलेलं काम हंगामी प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडाने तिन्ही सामने जिंकून पुरं केलं. त्यानंतर लोबेरा मुंबईत आला, आणि पाठोपाठ जाहू, फॉल, बूमूस, मंदार.

म्हणून माझ्या हिशेबात पहिला वाटा गोव्यातल्या त्या तीन हंगामांचा. महामारीमुळे तयारीला वेळ नव्हता. २० नोव्हेंबरला लीग सुरू झाली, सगळे संघ गोव्यातच हॉटेलांत बंद, तिन्ही मैदानं रिकामी. अशा वेळी ज्या संघाला एकमेकांची धाव आधीच पाठ आहे, त्याला जो फायदा होतो तो सरावाने दोन महिन्यांत भरून निघत नाही. शिवाय तेव्हा घरचं मैदान कोणालाच नव्हतं आणि प्रवासही नव्हता. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान एवढ्यातच सगळं. मुंबईच्या पासिंगला ते सोयीचं पडलं, पण तीच सोय उरलेल्या दहा संघांनाही होती, हे विसरू नकोस.

आता यंत्र चालायचं कसं ते सांगतो, कारण श्रेयाचं उत्तर त्यातच आहे. गोल किक घेताना फॉल आणि हर्नान सांताना बॉक्सच्या दोन कडांपर्यंत पसरायचे. जाहू त्या दोघांच्या मध्ये खाली यायचा. फुलबॅक (डावा-उजवा बचावपटू) टचलाइनला चिकटून वर सरकायचे. समोरच्या संघाने दोन जण दाबायला पाठवले तर इथे तीन मोकळे, तीन पाठवले तर पायाने खेळणारा गोलरक्षक अमरिंदर सिंग चौथा. म्हणजे पहिला पास नेहमी मोकळ्या माणसाकडे. तो मोकळा माणूस बहुतेक वेळा जाहू असायचा. मग एक तर मिडफिल्डर रॉलिन बोर्जिसला छोटा पास, तिथून दोन ओळींच्या मधल्या जागेत उभ्या असलेल्या बूमूसकडे, नाहीतर चाळीस-पन्नास यार्डांचा तिरका चेंडू थेट डावीकडे बिपिनच्या पुढे. हा तिरका चेंडू पडायच्या आधीच बिपिन धावत असायचा. डोकं वर करून कोण मोकळा आहे हे बघण्यात जाहूचा वेळ जायचा नाही, कारण कोण कुठे असणार हे ठरलेलं होतं.

सांताना मुळात मिडफिल्डर. त्याला फॉलच्या शेजारी सेंटर बॅक म्हणून खेळवणं हा लोबेराचा त्या मोसमातला सगळ्यात शहाणा निर्णय, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण नियम बघ. त्या वर्षी मैदानावर एका वेळी पाच परदेशी खेळाडू चालत. फॉल, जाहू, बूमूस हे तिघे ठरलेले. उरल्या दोन जागा. त्यातली एक मागे सांतानाला दिली की पासिंगची सुरुवात सुधारते, पण मग पुढे एकच परदेशी स्ट्रायकर बसतो. ॲडम ल फाँड्र आणि बार्थोलोम्यू ओग्बेचे हे दोघे एकत्र सुरुवात करू शकत नव्हते ते त्यामुळे. लोबेराने ती किंमत मोजली आणि दुसऱ्याला बाकावरून वापरलं. पाच बदलांची मुभा असल्याने ते जमलं. शेवटी ल फाँड्रचे ११ गोल, ओग्बेचेचे ८. दोन चांगले स्ट्रायकर आणि एक जागा, यात कुठल्याही ड्रेसिंग रूममध्ये कुरबुर होते. इथे ती मैदानावर दिसली नाही, आणि हेही प्रशिक्षकाचंच काम.

याच नियमाची दुसरी बाजू अशी की अकरातले किमान सहा भारतीय. आणि इथे तुझं पैशाचं गणित पुरतं कोलमडतं. अमरिंदर मुंबईत २०१६ पासून होता. बिपिन आणि मुंबईचाच रेनियर फर्नांडिस २०१८ पासून. रॉलिन २०१९ मध्ये आला. हे चौघे नव्या मालकांच्या आधीचे. ज्यांनी ही निवड केली, त्यांची नावं आज कोणी घेत नाही. रेनियर उजव्या विंगवर खेळायचा, पण मुळात तो मधला खेळाडू, त्यामुळे आत वळून चौथा मिडफिल्डर व्हायचा आणि उजव्या फुलबॅकसाठी अख्खी बाजू मोकळी करून द्यायचा. हे काम आकड्यांत येत नाही. त्या मोकळ्या बाजूने वर-खाली धावणारा अमेय रानवडेही मुंबईचा. अंतिम सामन्यात डोक्याची टक्कर होऊन तो बेशुद्ध पडला आणि त्याला रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. त्या मोसमाची आठवण काढताना त्याचं नाव सुटू नये असं मला मनापासून वाटतं.

यंत्र कुठे अडायचं, तेही सांगायला हवं. चारपैकी दोन पराभव एकाच संघाकडून, नॉर्थईस्ट युनायटेडकडून. पहिल्याच सामन्यात जाहूला पूर्वार्धातच थेट लाल कार्ड मिळालं, आणि पेनल्टीवर ०-१. जाहू बाहेर गेला की चेंडू मागून पुढे नेणारं कोणी उरत नाही, हे पहिल्याच दिवशी दिसलं. त्यानंतर बारा सामने मुंबई हरली नाही. ती मालिका तोडली पुन्हा नॉर्थईस्टनेच, २-१. तोवर तिथे खालिद जमील प्रशिक्षक झाला होता. त्याने सोपं काम केलं. जाहूवर एक माणूस सोडला, चेंडू जिंकला की मुंबईचे फुलबॅक वर गेलेले असायचे त्या मोकळ्या पट्ट्यात थेट लांब पास, आणि धावायला स्ट्रायकर डेशॉर्न ब्राऊन. पहिल्या दहा मिनिटांतच दोन गोल. फॉल हवेत राजा, पण त्याला मागे वळून शर्यत लावायला लावली की तो साधा बचावपटू होतो. फेब्रुवारीत बंगळुरूने ४-२ आणि जमशेदपूरने २-० हरवलं, तेव्हाही वर गेलेल्या फुलबॅकच्या मागची जागाच नडली.

जमशेदपूरकडून हरल्यावर शिल्ड जवळजवळ गेली होती. चारच दिवसांनी ओडिशाला ६-१ हरवलं, बिपिनची हॅट्ट्रिक. मग बागानविरुद्धचा तो निर्णायक सामना. त्यातले दोन्ही गोल बघ, कारण ते खुल्या खेळातले नव्हतेच. सातव्या मिनिटाला जाहूची फ्री किक आणि फॉलचं डोकं. एकोणचाळिसाव्या मिनिटाला सांतानाची फ्री किक बारवर आदळली आणि रिबाउंडवर ओग्बेचेने गोल केला. इतक्या सुंदर पासिंगची चर्चा, आणि शिल्ड आली ती सेट पीसवर. फॉल उंच आहे म्हणून हे झालं, एवढंच म्हणून सोडू नकोस. जाहूचा चेंडू जिथे पडतो तिथे फॉल कधी पोचायचा, याची घडी गोव्यातच बसलेली होती.

उपांत्य फेरीत समोर एफसी गोवाच होता. पहिला सामना २-२, दुसरा १२० मिनिटं गोलशून्य. पेनल्टींच्या आधी लोबेराने कर्णधार अमरिंदरला बाहेर बोलावून फुर्बा लाचेन्पाला गोलमध्ये उभं केलं. हरले असते तर या निर्णयावर आयुष्यभर बोलणी खावी लागली असती. जिंकले ६-५, शेवटची पेनल्टी रॉलिनची, तो स्वतः गोव्याचा.

आता बिपिनच्या गोलकडे येतो. अंतिम सामन्याच्या नव्वदाव्या मिनिटाला लांब चेंडू आला, बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढे आला पण त्याला चेंडू साफ करता आला नाही. बदली म्हणून आलेल्या ओग्बेचेने अंग लावून तो मिळवला आणि शांतपणे बिपिनपुढे सरकवला. जाळी समोर रिकामी. बिपिन तिथे पोचला होता, हे त्याचं श्रेय, ते मी कमी करत नाही. त्या मोसमातले त्याचे सहा गोल हे अशाच वेळेवर पोचण्याचे आहेत. पण चेंडू जिंकला ओग्बेचेने, आणि ताज्या पायांचा ओग्बेचे तेव्हा मैदानावर होता तो वर सांगितलेल्या त्या दोन-स्ट्रायकर-एक-जागा हिशेबामुळे.

तू विचारशील, मग सगळ्यात मोठा वाटा कोणाला? मी जाहूला देतो, बिनदिक्कत. याच अंतिम सामन्यात अठराव्या मिनिटाला त्याने स्वतःच्या अर्ध्या भागात चेंडू घालवला, बागानच्या रॉय कृष्णाने तो हिसकावला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. अकरा मिनिटांनी त्याच जाहूने बिपिनच्या दिशेने तो नेहमीचा लांब तिरका चेंडू टाकला, बागानचा बचावपटू तिरी घाईत डोकं लावायला गेला आणि चेंडू त्याच्याच जाळ्यात. चूक झाल्यावर बहुतेक मिडफिल्डर पुढचा अर्धा तास आडवे, सुरक्षित पास देतात. याने दिले नाहीत. गोल पत्रकावर तिरीच्या नावावर स्वयंगोल म्हणून आहे, जाहूचं नाव कुठेच नाही.

पुढे काय झालं, ती माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा. ऑक्टोबर २०२१ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, लोबेरा गेला. बूमूस आणि अमरिंदर बागानकडे, ओग्बेचे हैदराबादकडे, सांताना नॉर्थईस्टकडे. मालक तेच, पैसा तोच, जाहू-फॉलही होते, तरी मुंबई पाचवी आली. म्हणजे नुसता पैसा पुरत नाही, आणि मी कितीही कौतुक केलं तरी नुसता जाहूही पुरत नाही, हे मला मान्य करावं लागतं. ओग्बेचेने हैदराबादला जाऊन १८ गोल केले. मग नवा प्रशिक्षक डेस बकिंगहॅमने एक वर्ष घेऊन संघ नव्याने बांधला, आणि २०२२-२३ मध्ये ४६ गुण, ५४ गोल, सलग १८ सामने अपराजित, पुन्हा शिल्ड. लोबेरा २०२३ मध्ये ओडिशाला आला तेव्हा त्याने पहिल्यांदा कोणाला सोबत घेतलं असेल? जाहू आणि फॉललाच.

मालकांना मी काहीच देत नाही असं समजू नकोस. बूमूसला गोव्याच्या करारातून सोडवायला पैसे लागले, आणि प्रशिक्षकाला हवे ते चारही खेळाडू एकाच उन्हाळ्यात आणून देणं भारतीय क्लबांत सहज होत नाही. मागितलं एक आणि मिळालं भलतंच, हेच जास्त दिसतं. त्यांनी मागितलेलं दिलं आणि मध्ये लुडबूड केली नाही, एवढं श्रेय त्यांचं पक्कं.

एक काम कर. अंतिम सामना पुन्हा लाव आणि पहिली तीस मिनिटं चेंडूकडे न बघता फक्त जाहूकडे बघ. प्रत्येक पासच्या आधी तो किती वेळा मान वळवतो, आणि चूक झाल्यावर ते कमी होतं का, मोजून ठेव. मग रेनियर कधी आत वळतो ते बघ. आणि पुढच्या पत्रात तुझी वाटणी कळव, टक्क्यांत लिहिलीस तर उत्तम. मंदारला मी वर कमी जागा दिली हे मला आत्ता वाचताना जाणवतंय. त्याच्यावर तू लिही, डावी बाजू तुला माझ्यापेक्षा जास्त कळते.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मित्र