ताई, योकोसुकाच्या शाळेच्या ऑफिसात तुम्ही होतात म्हणून

प्रिय ताई,

व्हॉट्सअ‍ॅपवर थँक यू टाकून मोकळं व्हायचं नव्हतं मला. आणि आपल्या नेव्हीवाल्या मराठी बायकांच्या ग्रुपमध्ये दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच की पोरगी अकरावीत आहे, जपानच्या ऑर्डर्स आल्यात, आता काय करू. म्हणून सगळ्यांच्या समोरच लिहितेय, म्हणजे तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. योकोसुका म्हणजे टोकियोच्या दक्षिणेला अमेरिकन नेव्हीचा मोठा तळ, विमानवाहू जहाज इथंच असतं, आणि तळाच्या आत आपल्या मुलांची नाइल सी किनिक हायस्कूल. (किनिक हा आयोवा युनिव्हर्सिटीचा अमेरिकन फुटबॉलपटू, 1939 ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळवलेला, नंतर नेव्हीत पायलट झाला आणि 1943 मध्ये ट्रेनिंगच्या उड्डाणात गेला, चोवीस वर्षांचा होता फक्त. लेकीनं पहिल्या आठवड्यात हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटता लाटता थांबलेच.) शाळा चालवते डोडिया, म्हणजे पेंटॅगॉनचंच शिक्षण खातं, जगभरात दीडशेच्या वर शाळा आहेत त्यांच्या. फी नाही, पण नवऱ्याच्या बदलीच्या ऑर्डर्सवर पोराचं नाव हवं.

तर ताई, आम्ही सॅन डिएगोत पॅकर्सच्या खोक्यांमध्ये बसलो होतो तेव्हा तुमचा पहिला फोन आला. मला वाटलं हवा कशी आहे, तांदूळ कुठला मिळतो असलं काहीतरी सांगाल. तुम्ही पहिलं वाक्य काय म्हणालात तर "शाळेचा एक पण कागद सामानात टाकू नकोस, बोट कधी पोचेल ते देवालाच माहीत." मग अख्खी यादी. ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे आतापर्यंतच्या विषय-ग्रेडच्या नोंदीची, अनऑफिशियल प्रत, चालू सेमिस्टरमध्ये शाळा सोडतानाचे ग्रेड शिक्षकांच्या सहीनिशी, प्रत्येक विषयाचा सिलॅबस, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानाचा आणि अनुक्रमणिकेचा फोटो. आधीच्या शाळेत सांगत होते की वर्षाच्या मध्ये सोडताय तर रेकॉर्ड नंतर पोस्टानं जाईल, प्रोसेस आहे. तुम्ही मला सांगितलंत की 2008 पासून लष्करी कुटुंबातल्या मुलांसाठी राज्याराज्यांतला करार आहे, पन्नासच्या पन्नास राज्यं त्यात आहेत, डोडिया पण तो पाळते, अनऑफिशियल कागद हातात द्यायला लागतात आणि नवीन शाळेनं त्यावर वर्गात बसवायला लागतं. शाळेत त्या कराराचं नाव घेतल्यावर दुसऱ्या दिवशी कागद मिळाले. हे त्यांनीच सांगायला हवं होतं खरं तर, पण असो.

आणि मग ते ऑफिसचं काउंटर. आम्ही नेव्ही लॉजमध्ये, म्हणजे तळावरच्या हॉटेलात होतो, झोप उलटीपालटी, आणि तिच्या टाइमटेबलवर अल्जेब्रा टू आलेलं, जे तिचं होऊन गेलं होतं. पोरीचा चेहरा पडला. तुम्ही माझी फाइल घेतलीत, प्रत्येक पानाला लावलेल्या रंगीत चिठ्ठ्या बोटानं पलटत गेलात, प्रीकॅल्क्युलसचा सिलॅबस काढलात आणि आत कौन्सेलरच्या टेबलावर नेऊन ठेवलात. मग पेन्सिलीनं कोऱ्या कागदावर ग्रॅज्युएशनला लागणाऱ्या 26 क्रेडिट्सचे चौकोन काढून दाखवलेत, हे झालेत, हे इथं होतील, आणि हा एक एपी (कॉलेजच्या पातळीचा) विषय इथं शिकवत नाहीत पण डोडियाच्या व्हर्च्युअल हायस्कूलमधून होईल. तो पेन्सिलीचा कागद शेवटपर्यंत फ्रिजवर होता आमच्या.

डोडियाचं कौतुक पेपरात येतं, 2024 च्या राष्ट्रीय चाचणीत चौथी-आठवीच्या वाचनात आणि गणितात त्यांची मुलं सगळ्या राज्यांच्या पुढं, त्याचं श्रेय शिक्षकांना मिळतं आणि मिळायलाच हवं. पण काउंटरच्या मागं बसलेल्या बाईला कोण विचारतंय? ती पण कोणाची तरी बायको, तिचीही बदली ठरलेली, आणि तरी दर महिन्याला येणाऱ्या नव्या पोरांचे कागद तीच जुळवते.

आम्हाला घर इकेगोच्या नेव्ही वसाहतीत मिळालं, तिथून शाळेची बस. बसमध्ये कोणाशेजारी बसायचं ही मोठ्या माणसाला फालतू वाटणारी गोष्ट तुम्ही आधीच सोडवून ठेवली होतीत, त्याच बसमधली एक मुलगी शोधून, जी स्वतः काही महिन्यांपूर्वी बहरीनहून आली होती. पुढं दोघी व्हॉलीबॉलच्या टीममध्ये गेल्या. इथं मॅच म्हणजे शेजारची शाळा नाही, पार होन्शूच्या उत्तर टोकाला मिसावाला बसनं जायचं, नाहीतर विमानानं ओकिनावा. साताऱ्याच्या माझ्या आईला हे अजून पटत नाही.

एक गोष्ट लेकीनं मला फार उशिरा सांगितली. तिच्या बाबांचं जहाज मे महिन्यात गेलं तेव्हा ती दुपारी ऑफिसात आली होती रडत. तुम्ही बाबा परत येतील वगैरे काही बोलला नाहीत म्हणे, स्टूल ओढून दिलंत, पुढच्या वर्षीच्या लॉकर्सच्या लेबलांचा गठ्ठा दिलात, आणि डब्यातलं थालीपीठ अर्धं तोडून दिलंत, आणि बेल होईपर्यंत दोघी लेबलं कापत बसलात. मला ते जमलं नसतं. मी तिच्याबरोबर रडले असते.

ग्रॅज्युएशनला तिचे बाबा समुद्रावरच होते, लाइव्हस्ट्रीम दोनदा अडकलं पण तिचं नाव आलं तेव्हा चालू होतं. तोपर्यंत तुमची बदली होऊन तुम्ही अमेरिकेत नॉरफोकला गेला होतात. खुर्ची धरून ठेवली असती तुमच्यासाठी.

आता यंदा मीच एका नव्या कुटुंबाची स्पॉन्सर, म्हणजे आल्यावर बस्तान बसवून देणारी, आहे, सॅन डिएगोचेच आहेत, मुलगा दहावीत. त्यांना तुमची यादी जशीच्या तशी पाठवलीय, बोटीवाल्या वाक्यासकट. आणि ताई, नॉरफोकचा घरचा पत्ता कळवा ना, आईनं गोडा मसाला पाठवलाय, त्यातला अर्धा तुमचा आहे.

तुमची,
इकेगोवाली