नावं विचारायची राहिली त्यांचे आभार

एमएस्सीला येईपर्यंत पुण्यातल्या वेताळ टेकडीवर लावलेल्या गिरिपुष्पाच्या झाडांनाच मी जंगल समजत होते. आता मुळशीतल्या देवरायांवर पीएचडी चालू आहे, ती तुमच्यामुळे.

ताम्हिणीत एसटी चुकली तेव्हा टेम्पोतून पौडपर्यंत सोडणारे काका. कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणात माझा अंजन-जांभळाचा घोळ न हसता सोडवणाऱ्या मॅडम: जांभळाच्या पानात कडेने शीर धावते, अंजनाच्या शिरा दिसतच नाहीत!

आणि देवराईतल्या आजी. आधी चपला काढायला लावल्या, मग जमिनीपासून १.३ मीटरवर पायर या झाडाचा घेर मोजताना दुपारभर टेप धरून उभ्या राहिल्या. “सासूबाईंच्या वेळीही ही पायर एवढीच होती,” म्हणाल्या. आजी, तक्त्यात याला रकाना नाही. वहीच्या समासात लिहून ठेवलंय.