आडवी बाटली जिंकली, पुढे काय?

मा. मंत्री,
राज्य उत्पादन शुल्क विभाग, महाराष्ट्र राज्य

महोदय,

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात दुधाचे बिल दर दहा दिवसांनी निघते. धारा बाई काढते, खाते बहुधा नवऱ्याच्या नावावर असते आणि बिलाच्या दिवशी गर्दी होते ती देशी दारूच्या दुकानात. बायका बंदी मागतात ती यातून. गावातले दुकान बंद करायचे की नाही यावर महिलांचे मतदान घेता येते. त्यात आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू.

पण 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या, पडताळणी, मतदान एवढे सगळे पार पाडूनही राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे मतदार यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला लागतात. यादीत 1,200 नावे असतील तर 601. समजा 800 जणी आल्या आणि 590 जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच. आजरा, चंदगड, भुदरगडकडच्या कितीतरी जणी कामाधंद्यासाठी मुंबई-पुण्यात असतात. काही लेकी सासरी गेलेल्या, काही मयत. त्या सगळ्यांचे मत दुकानाच्याच पदरात पडते. म्हणून तारीख लावण्याआधी यादी घरोघर फिरून दुरुस्त करा, नाहीतर झालेल्या मतांतले बहुमत धरा.

दुकानाला सील लागले की रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटते. 6 ते 24 तासांत हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसे ओळखू येत नाहीत. घरचे बाहेरची बाधा समजून अंगारा लावत बसतात आणि उपचाराविना माणूस दगावतो. औषधे साधी आहेत: डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड, आणि थायमिनचे (ब-1 जीवनसत्त्वाचे) इंजेक्शन. थायमिन ग्लुकोजच्या सलाइनआधी द्यायचे, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हा साठा सील लागण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हवा, आणि बंदच्या आदेशाची प्रत तालुका आरोग्य अधिकारी व कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाला गेलीच पाहिजे.

ज्याला हा त्रास सोसवत नाही, तो हातभट्टी गाठतो. भट्टीला काळा गूळ आणि नवसागर (अमोनियम क्लोराइड) लागतो. गुळाच्या जिल्ह्यात गूळ कोण अडवणार? नवसागराचे तसे नाही. कल्हईवाल्याला तो थोडाच लागतो. पोत्याने कोण उचलतो हे बाजारात विचारले तरी भट्टीचा माग लागतो. त्याहून घातक मिथेनॉल, म्हणजे दारूत मिसळले जाणारे विषारी अल्कोहोल. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे गेली ती त्यानेच. पिताना फरक कळत नाही, बऱ्याचदा 12 ते 24 तासांनी डोळ्यांपुढे धूसर होते. तेव्हा हवे डायलिसिस, आणि ते वाडीवस्तीवर नाही. गावात दोघा-तिघांची नजर एकदम मंदावली तर थेट कोल्हापूरला हलवायचे, हे आशाताई आणि पोलीस पाटलांना आधीच सांगून ठेवा.

चंद्रपूरची 2015 ची बंदी अवैध विक्री वाढल्याचे सांगून 2021 मध्ये उठवली. म्हणून बंदीच नको, हे आम्हाला मान्य नाही. तयारीविना बंदी नको, एवढेच आम्ही म्हणतो.

आणखी एक. बंद झालेला परवाना शेजारच्या गावाच्या वेशीवर हलवू देऊ नका. स्थलांतराचा अर्ज आला, तर दोन्ही गावांच्या महिला ग्रामसभांचा ठराव घेतल्याशिवाय त्यावर सही करू नका.

आपले,
व्यसनमुक्तीच्या कामातील कार्यकर्ते, कोल्हापूर