संजूस पत्र : सेस्ना उलटी करण्याआधी

मु. कामठा, जि. गोंदिया
श्रावण

प्रिय संजू,

तुझा व्हिडिओ पाहिला, मग पुन्हा पुन्हा पाहिला. तिकडे अमेरिकेत तुझ्या फ्लाइंग क्लबातल्या त्या माणसानं छोटं सेस्ना विमान हवेत अख्खं गोल फिरवलं. इंजिन एकदाही अडखळलं नाही, डॅशबोर्डवरचा कॉफीचा कप जागचा हलला नाही. आणि खाली तू लिहिलंस, "काही होत नाही बे, पुढच्या महिन्यात मीही करतो, सेस्ना वन सेव्हन्टी टू घेऊन." मेसेजमध्ये दोन ओळींत उत्तर देण्यासारखी ही गोष्ट नाही. फोनवर आपला वाद होतो. म्हणून लिहायलाच बसलो. रोवणी आटोपली आहे, बांध्यांत पाणी भरपूर आहे, सध्या हाताशी वेळ आहे.

आधी एक सांगतो. उलटं उडणं म्हणजे मरण, असं मी म्हणत नाही. इतकी वर्षं हँगरमध्ये लहान विमानांची इंजिनं उघडली, बसवली. उलटं उडण्यासाठीच बांधलेली विमानं असतात आणि शिकलेली माणसं ती सुखरूप उडवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की तू जे पाहिलंस ते उलटं उडणं नव्हतंच.

कॉफी सांडली नाही, त्यातच सगळं आलं. त्या माणसानं बॅरल रोल केला. आधी नाक वर उचललं, मग मोठा वळसा घेत विमान फिरवलं आणि पूर्ण वेळ योक, म्हणजे हँडल, थोडा ओढून धरला. चाकं आकाशाकडे होती तेव्हाही माणूस सीटमध्ये दाबलेलाच होता, पेट्रोल टाकीच्या बुडाशीच होतं, ऑइल सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या भांड्यातच होतं. डोळ्याला विमान उलटं दिसलं, पण इंजिनाच्या लेखी ते सुलटंच होतं. अमेरिकेचा नावाजलेला पायलट बॉब हूवर तर असा रोल करता करता ग्लासात चहा ओतून दाखवायचा. भार प्लस एक जीच्या, म्हणजे अंगाच्या नेहमीच्या वजनाच्या, आसपास ठेवायचा, सारं कसब त्यात. हे हातात बसायला जन्म जातो, आणि जमलं नाही तर मधल्याच टप्प्यावर, पाठीवर, नाक खाली घसरलेलं, अशा अवस्थेत माणूस अडकतो. तिथून पुढे खरं उलटं उडणं सुरू होतं, आणि तुझी वन सेव्हन्टी टू त्यासाठी केलेली नाही.

आठवतं, शाळेत असताना तुमच्या छपरीत तुझ्या बाबांच्या राजदूतचा कार्ब्युरेटर उघडून बसायचो? वाटीत पेट्रोल, त्यावर तरंगणारा फ्लोट, पातळी चढली की सुई भोक बंद करणार. जुन्या वन सेव्हन्टी टूमध्ये तत्त्व हेच. उलटी करून योक पुढे ढकलून धरलीस की पेट्रोल वाटीच्या छताला जाऊन लागतं, जेटला हवा मिळते, इंजिन गुदमरतं. त्यानंतर फ्लोटही भलत्या बाजूला जातो, सुई उघडीच राहते आणि पेट्रोलचा पूर येतो. आधी उपासमार, मग अजीर्ण.

नेमकं हेच दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ब्रिटिशांच्या स्पिटफायर लढाऊ विमानाच्या मर्लिन इंजिनाला भोवलं. जर्मन विमानांच्या इंजिनात इंजेक्शन होतं. ती नाक खाली दाबून सरळ सूर मारत आणि मागे लागलेल्या स्पिटफायरचं इंजिन तेवढ्यात बंद पडे. १९४१ मध्ये बिअट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत मधे भोक असलेली एक छोटी चकती बसवून पूर येणं थांबवलं. उपाय एवढासा, पण पायलट वाचले. तरीही त्या चकतीनं स्पिटफायर उलटी चालू ठेवता येत नव्हती, हे लक्षात घे. तेवढ्यासाठी नवी रचनाच लागली.

तू म्हणशील, आमच्या क्लबातली नवी आहे, इंजेक्शनवाली. आनंद आहे. पण टाकी पंखात आणि तिचं तोंड बुडाशी. उलटं झालं की पेट्रोल वर जातं आणि तोंडाला हवा लागते. ऑइलचं त्याहून वाईट. पंप सम्पच्या तळातून ओढतो, आणि तळ तर आता वर गेलेला. प्रेशर शून्याकडे उतरतं, बेअरिंगं कोरडी फिरतात, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या नळीतून, ऑइल बाहेर फेकलं जातं. इंजिन त्याच दिवशी बंद पडेलच असं नाही. ते पुढे कधीतरी पडेल, शेजारच्या सीटवर वहिनी असताना, आणि तेव्हा कोणाला हा दिवस आठवणारही नाही. मेकॅनिक म्हणून मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. इंजिनाला लागलेला मार लॉगबुकात कोणी लिहीत नाही.

उलट्या उड्डाणाच्या विमानात टाकीच्या आत वजन लावलेली लवचिक नळी असते, पेट्रोल जाईल तिकडे तिचं तोंड जातं. ऑइलला वेगळी वाट आणि वेगळा व्हॉल्व्ह असतो. कसरतींच्या सुपर डिकॅथलॉन विमानात छोटी वेगळी टाकी आहे, दोनेक मिनिटं उलटं राहता येईल एवढी. पंखही जवळपास दोन्हीकडून सारखाच फुगीर. सेस्नाचा पंख वरून फुगीर, खालून जवळपास सपाट. तो उलटा केला की उचलायला कुरकुर करतो, नाक क्षितिजाच्या बरंच वर ढकलून धरावं लागतं.

आता आकडे. वन सेव्हन्टी टू नॉर्मल कॅटेगरीत प्लस ३.८ जी आणि मायनस १.५२ जी एवढ्यासाठी पास आहे. अ‍ॅरोबॅटिक, म्हणजे कसरतींच्या, कॅटेगरीला प्लस ६ आणि मायनस ३ लागतात. डिकॅथलॉन मायनस ५ पर्यंत जातं, एक्स्ट्रा ३०० तर एकटा पायलट असताना दोन्ही बाजूंनी १०. उलट्या बाजूला तुझ्याकडे दीड जी आहे, संजू. सरळ उलटं राहण्यातच त्यातला एक जातो. उरला अर्धा. श्रावणातल्या दुपारच्या एका गचक्यात तो संपतो.

तरीही माणसं बहुतेक वेळा तिथं मरत नाहीत. ती मरतात हाताच्या सवयीनं. आयुष्यभर हाताला शिकवलेलं असतं की जमीन जवळ आली की योक ओढ. पाठीवर असताना ओढलंस की नाक सरळ जमिनीकडे. बरोबर कृती म्हणजे ढकलून नाक वर धरायचं आणि एलेरॉननं, म्हणजे पंखाच्या टोकाच्या झडपांनी, फिरून सुलटं व्हायचं. पण पट्ट्यांना लटकलेला, डोक्यात रक्त चढलेलं, समोर खिडकीभर शेतं, अशा वेळी शिकवलेलं नसेल तर हात ओढणारच. विमान उरलेला अर्धा लूप, म्हणजे उभं वर्तुळ, खालच्या दिशेनं करायला निघतं आणि वेग बघता बघता दीडशे नॉटवर जातो. तुझा स्टॉल, म्हणजे ज्याच्या खाली पंख उचलणं सोडतो तो वेग, पन्नासच्या आसपास. तिप्पट वेग म्हणजे पंख नऊ पट भार उचलू शकतो. पास केलाय ३.८ ला, त्यावर दीडपट राखीव धर, म्हणजे ५.७. याच्यापुढचा हिशेब तू माझ्यापेक्षा चांगला करतोस, गणितात पहिला तूच यायचास.

शरीराचंही तेच. मायनस दोन-तीनच्या पुढे साध्या माणसाला सोसत नाही, डोळ्यांतल्या बारीक शिरा फुटतात. आणि मायनसमधून लगेच प्लसमध्ये ओढलं तर नेहमी सहज सोसणाऱ्या जीलाही माणूस बेशुद्ध पडू शकतो, कारण रक्तदाब सावरायला शरीराला अवधीच मिळालेला नसतो. साध्या पट्ट्यानं सीटमधून लोंबशील ते वेगळंच. पाय रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, पेडलवरून सुटतात, डोकं छताला लागतं. फरशीवरची माती डोळ्यांत येते, विसरलेला पेन किंवा पाना कंट्रोलच्या केबलमध्ये जाऊन बसतो. अ‍ॅरोबॅटिक्सच्या आधी विमान झाडून-पुसून रिकामं करायचं, हा नियम म्हणून पाळतात.

१९१३ मध्ये फ्रान्सच्या पेगूनं जगात पहिल्यांदा ठरवून बऱ्यापैकी उलटं उडून दाखवलं. त्यानं काय केलं माहीत आहे? आधी हँगरमध्ये ब्लेरिओ विमान तिकाटण्यांवर उलटं ठेवून घेतलं आणि त्यात स्वतःला बांधून लटकून राहायचा सराव केला. उडण्याच्या आधी, जमिनीवर. एवढा धाडसी माणूस, पण शरीराला न विचारता वर गेला नाही.

आणि नील विल्यम्स या कसरती करणाऱ्या पायलटची गोष्ट तुला सांगायचीच आहे. ३ जून १९७०, इंग्लंडमध्ये हलाव्हिंग्टनला, झ्लिन ५२६ या कसरतींच्या विमानावर सराव चालू होता. खालून वर ओढताना धाडकन आवाज झाला. पंखाचा मुख्य आधार तुटला होता आणि डावा पंख वर दुमडायला लागला होता. त्याला आठवलं की असंच काहीसं दुसऱ्या एका झ्लिनमध्ये उलट बाजूनं घडलं होतं. पंख प्लस जीत वर दुमडतोय, तर मायनस जीत तो परत जागेवर बसेल. त्यानं विमान उलटं केलं. पंख धाडकन जागेवर आला. पडायच्या आधी आग नको म्हणून पेट्रोल बंद केलेलं होतं, ते पुन्हा चालू केलं, इंजिन पेटलं. मग उलटाच चढला, उलटाच फिरला, धावपट्टीपर्यंत उलटाच आला आणि अगदी शेवटच्या क्षणी सुलटं करून पोटावर आदळवलं. विमानाचा चुराडा झाला, हा चालत बाहेर आला.

मी हे कितीदा वाचलं असेल, तरी अंगावर काटा येतो. उलटं उडता येत होतं म्हणून तो जगला. म्हणून तर मी तुला शिकू नको म्हणत नाही. शीकच. फक्त त्याच्याकडे झ्लिन होतं, उलटं चालणारं इंजिन होतं, आणि उलटं असताना ढकलायचं हे हाताला विचार न करता येत होतं. त्या सेकंदाला त्यानं ओढलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती.

तुमच्या तिकडे अ‍ॅरोबॅटिक्सचे शिक्षक मिळतात, इथं आपल्याला त्याची हौस करायलाही जागा नाही. डिकॅथलॉन किंवा पिट्सवाला शिक्षक शोध. दोघं बसून शिकणार तर तुमच्या कायद्यानं बहुधा पॅराशूट लागेलच, पण लागो न लागो, घालच. कायदा दीड हजार फुटांच्या खाली अ‍ॅरोबॅटिक्स करू देत नाही. तू त्याच्या दुप्पट-तिप्पट उंची धर, चूक सुधारायला उंचीच लागते. पहिल्याच दिवशी त्याला सांग, मला पाठीवर अडकव आणि मी ओढतो का ते बघ. उलटा स्पिन, म्हणजे पाठीवर गरगरत खाली कोसळणं, त्याच्याशिवाय कधीच नाही. उलट्या स्पिनमध्ये विमान कुठल्या बाजूला फिरतंय हेच डोळ्याला चुकीचं कळतं आणि भलतीकडचा रडर दाबला जातो.

बिरसी विमानतळाची विमानं आजही सकाळपासून डोक्यावर घुमत आहेत. शिकाऊ पोरं, सरळ जातात, वळतात, परत येतात. काकू अंगणात भाजी निवडता निवडता वर पाहते आणि मला विचारते, "माहा संजू बी असाच चालवते का रे?" मी हो म्हणतो. तुझा व्हिडिओ तिला दाखवलेला नाही. तिची शुगर आता बरीच आटोक्यात आहे, गुडघा तेवढा दुखतो.

आता एक काम कर. क्लबातल्या विमानाच्या हँडबुकात दुसरा भाग मर्यादांचा असतो. त्यात कॅटेगरी, जीचे आकडे आणि कोणत्या कसरतींना परवानगी आहे ते छापलेलं असतं. त्या पानांचा फोटो काढून पाठव. त्या व्हिडिओतल्या विमानाचंही पान मिळालं तर पाठव. अ‍ॅरोबॅट, म्हणजे कसरतींसाठी पास असलेली सेस्ना, असेल तर गोष्ट वेगळी, साधी असेल तर त्या विमानात यापुढे बसू नकोस, आणि तिथल्या मेकॅनिकला जे घडलं ते सांग. तो पंखांचे बोल्ट आणि स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य आधार, उघडून पाहील. शिक्षक ठरला की त्याचं विमान कोणतं तेही कळव. रविवारी रात्री तुझ्याकडे सकाळ असते तेव्हा मी फोन करतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
प्रकाश