संदर्भ कुठे दडलेले असतात

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. विषय वाचूनच आनंद झाला. मूल एका घरी जन्मतं, दुसऱ्या घरी वाढतं आणि आजूबाजूच्या कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही, अशा समाजांची तुलना करायचं तू मनावर घेतलंस. फार चांगलं केलंस. पुढचं वाचून मात्र वाईट वाटलं. शोधखिडकीत ‘अडॉप्शन’ आणि ‘अँथ्रोपॉलॉजी’ हे दोन शब्द टाकले की कोर्टाच्या निकालांपासून बालमानसशास्त्रापर्यंत सगळं येतं, हवं तेवढंच येत नाही, असं तू लिहितोस. आणि शेवटी म्हणतोस, की या विषयावर कुणी फारसं लिहिलेलंच दिसत नाही. हे मला अजिबात मान्य नाही. लिहिलं भरपूर गेलंय. ते कुणी, कुठल्या नावाखाली, कुठल्या फडताळात ठेवलंय, एवढंच तुला अजून सापडलेलं नाही. इतकी वर्षं संदर्भ विभागात काढल्यावर माझं असं पक्कं मत झालंय, की मानवशास्त्राच्या अभ्यासकाने पुस्तक शोधण्याआधी पुस्तकांची मांडणी वाचायला शिकावं. तीही माणसांनीच केलेली असते आणि तिच्यात त्यांचा काळ उतरलेला असतो.

फडताळांपासूनच सुरुवात कर. ग्रंथालयांत पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मानवशास्त्र ३०१ मध्ये समाजशास्त्राच्या मांडीला मांडी लावून बसतं. कुटुंब आणि नातेसंबंध ३०६.८ मध्ये जातात, चालीरीती ३९० च्या पुढे, भाषा ४०० मध्ये आणि शारीरिक मानवशास्त्र थेट ५९९.९ मध्ये, सस्तन प्राण्यांच्या शेजारी. तुझं दत्तक प्रकरण तर ३६२.७३४ मध्ये, म्हणजे समाजकल्याणाच्या विभागात ठेवलेलं असतं, कारण वर्गीकरण करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अनाथाश्रम आणि सरकारी खाती होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीतही, जिथे वर्गांना इंग्रजी अक्षरं असतात, तीच गत. मानवशास्त्राचा वर्ग जीएन, नातेसंबंध जीएन ४८७ च्या आसपास, पण दत्तक एचव्ही ८७५ मध्ये. शिवाय एखाद्या विशिष्ट समाजावरचा ग्रंथ बहुतेक वेळा जीएनमध्ये नसतोच. तो त्या त्या प्रदेशाच्या इतिहासात जातो, आफ्रिकेचा असेल तर डीटीत, ओशनियाचा, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांचा, असेल तर डीयूत. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरचे ग्रंथ ई ९९ मध्ये, अमेरिकेच्या इतिहासाच्या सुरुवातीच्या भागात, समाजांच्या नावांच्या अकारविल्हे लावलेले असतात. जिवंत माणसांचे समाज असे इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात कोंबलेले पाहिले की मला आजही अस्वस्थ वाटतं. १९७० च्या दशकात ब्रायन डीअर या मोहॉक ग्रंथपालाने वेगळी पद्धत उभी केली. तिच्यात समाज अकारविल्हे न येता, जे भूगोलात एकमेकांजवळ राहतात ते फडताळावरही जवळ येतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मूळ रहिवाशांविषयीच्या ग्रंथालयात ती पद्धत वापरतात. वर्गीकरण म्हणजे कारकुनी काम, असं कुणी म्हणालं की मी हेच उदाहरण देते.

दुसरी अडचण नावांची. उत्तर युरोपातल्या ज्या लोकांना आज सामी म्हणतात, त्यांच्यावरचा जुना मजकूर ‘लॅप’ या नावाखाली आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा नू-चाह-नुल्थ समाज जुन्या सूचींत ‘नूटका’ आहे. अमेरिकेतल्या तोहोनो ओओधाम या मूळ रहिवाशांच्या राष्ट्राने ‘पापागो’ हे नाव १९८६ मध्ये अधिकृतपणे सोडलं, पण त्याआधीची सगळी पुस्तकं त्याच नावाने लावलेली आहेत आणि आता ती नावं बदलून कोण लावणार? म्हणून प्रत्येक समाजासाठी वहीचं एक पान ठेव. त्यावर तो समाज स्वतःला काय म्हणवतो, शेजारी काय म्हणतात, मिशनरी आणि सरकारी अधिकारी काय लिहीत, आणि प्रत्येक नावाचे वेगवेगळे स्पेलिंग हे सगळं टिपून ठेव. ऑस्ट्रेलियातल्या भाषांसाठी तिथल्या मूळ रहिवाशांचा अभ्यास करणाऱ्या, कॅनबेरातल्या आयात्सिस संस्थेने ‘ऑस्टलँग’ नावाची संकेतसूची केली आहे. नावाचं लेखन कितीही बदललं तरी संकेत तोच राहतो. बाकीच्या भाषांसाठी ‘ग्लॉटोलॉग’ ही जगभरच्या भाषांची सूची आहे, तीही फुकट. भाषेवरून समाजापर्यंत पोचायचा हा रस्ता संशोधक फार कमी वापरतात.

आता तुला सगळ्यात उपयोगी पडेल अशा साधनाबद्दल जरा सविस्तर लिहिते. येल विद्यापीठात १९४९ मध्ये ‘ह्यूमन रिलेशन्स एरिया फाइल्स’ (एचआरएएफ) ही संस्था सुरू झाली. तिचं काम असं, की एकेका समाजावरची पुस्तकं, लेख, प्रवासवर्णनं, अहवाल गोळा करायचे आणि त्यांतल्या प्रत्येक परिच्छेदावर विषयांचे संकेत घालायचे. ग्रंथालयाची सूची पुस्तकाला चार-दोन विषय देऊन थांबते, इथे मात्र परिच्छेद न् परिच्छेद वाचून कुणीतरी ठरवलेलं असतं की हा दत्तकाबद्दल आहे, हा वारशाबद्दल, हा बाळंतपणाबद्दल. आधी हे सगळं कागदी पाकिटांत होतं, मग मायक्रोफिशवर, म्हणजे पानांची सूक्ष्म छायाचित्रं असलेल्या फिल्मवर, आलं, आता ‘ई-एचआरएएफ वर्ल्ड कल्चर्स’ या नावाने संगणकावर आहे. संकेतांची यादी मानवशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मर्डॉक यांनी १९३० च्या दशकात सुरू केली. तिचं नाव ‘आउटलाइन ऑफ कल्चरल मटेरिअल्स’. तिच्यात दत्तकाचा संकेत ५९७. समाजांनाही संकेत आहेत, पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांचा ओएल०६, दक्षिण सुदानमधल्या नुएरांचा एफजे२२. मुख्य संग्रहाला वर्गणी लागते, पण विषयसंकेतांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. ती आधी निवांत वाच. ५९७ वर थांबू नकोस. ५९० पासूनचा कुटुंबाचा सगळा गट बघ, ६०० पासूनचा नातेसंबंधांचा बघ आणि मुलांच्या संगोपनाचे संकेतही बघ. कारण मामाकडे किंवा आजीकडे वाढणाऱ्या मुलाबद्दलचा परिच्छेद संकेत घालणाऱ्याला दत्तकाचा वाटला असेलच असं नाही.

इथे एक धोका आहे. परिच्छेद हाती आला की पुस्तक वाचल्यासारखं वाटू लागतं. तसं करू नकोस. परिच्छेदाच्या वर मूळ ग्रंथाची नोंद असते. लेखक कोण, तो तिथे कधी होता, त्याला ती भाषा येत होती का, तो मानवशास्त्रज्ञ की मिशनरी की प्रशासक, हे तिथून कळतं. ट्रोब्रियंडचंच घे. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की तिथे १९१५ ते १९१८ या काळात राहिले आणि कुलाच्या, म्हणजे बेटाबेटांमधल्या शिंपल्यांच्या दागिन्यांच्या, देवाणघेवाणीबद्दलच्या त्यांच्या लेखनावर एक अख्खी पिढी वाढली. नंतर मानवशास्त्रज्ञ अॅनेट वाइनर त्याच बेटांवर गेल्या आणि १९७६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दाखवलं, की मृत्यूनंतरच्या विधींत बायका केळीच्या पानांच्या जुड्या वाटतात, ती खरीखुरी संपत्ती आहे आणि मालिनोव्स्कींनी तिला तितकं वजन दिलं नव्हतं. तीच बेटं, तेच लोक, पण पाहणारा बदलला आणि अर्धा समाज नव्याने दिसला. तुझ्या विषयात तर हे फारच लागू पडतं. मूल कुणाला द्यायचं, हे जिथे बायका चुलीपाशी ठरवतात, तिथे फक्त पुरुषांशी बोललेल्या संशोधकाच्या वहीत काय येणार? म्हणून एका समाजावर जमतील तितके लेखक वाच, त्यातही वेगवेगळ्या काळातले.

तुला आकड्यांची तुलना करायची असेल, तर मर्डॉक आणि डग्लस व्हाइट यांनी १९६९ मध्ये मांडलेला १८६ समाजांचा ‘स्टँडर्ड क्रॉस-कल्चरल सँपल’ हा तुलनेसाठी निवडलेला नमुनासंच आहे. त्यातला प्रत्येक समाज एका ठरावीक ठिकाणाशी आणि काळाशी बांधलेला आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. ‘डी-प्लेस’ या खुल्या संग्रहात तो नकाशासकट मिळतो. मात्र रकान्यातला आकडा कुणाच्या वाक्यावरून आला, ते मूळ ग्रंथात जाऊन तपासल्याशिवाय प्रबंधात घालू नकोस.

लेखांसाठी दोन सूची. ‘अँथ्रोपॉलॉजिकल इंडेक्स ऑनलाइन’ रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूट चालवते. ब्रिटिश म्युझियममधल्या मानवशास्त्र ग्रंथालयात येणाऱ्या नियतकालिकांवर ती उभी आहे आणि ती फुकट आहे. दुसरी ‘अँथ्रोपॉलॉजिकल लिटरेचर’, हार्वर्डच्या टॉझर ग्रंथालयाची. संपादित ग्रंथांतल्या सुट्या प्रकरणांची नोंद तिच्यात होते आणि तुला नेमकं तेच हवंय, कारण या विषयावरचा कितीतरी ऐवज संपादित ग्रंथांत आहे. व्हर्न कॅरल यांनी संपादित केलेला पूर्व ओशनियातल्या दत्तकावरचा १९७० चा ग्रंथ आणि आयव्हन ब्रेडी यांचा ओशनियातल्या दत्तक-संगोपनावरचा १९७६ चा ग्रंथ ताबडतोब मागव. पश्चिम आफ्रिकेसाठी एस्थर गुडी यांचं १९८२ चं पुस्तक बघ. त्या ‘अडॉप्शन’ नव्हे, ‘फॉस्टरेज’ (दुसऱ्याच्या मुलाचं संगोपन) हा शब्द वापरतात, म्हणूनच तुझ्या शोधखिडकीतून त्या निसटल्या असणार. मलेशियातल्या लँगकावी बेटावर एका चुलीवरचं अन्न खाऊन नातं कसं घडतं, हे जॅनेट कार्स्टन यांनी १९९७ मध्ये लिहिलं. त्यांच्यापासून पुढे ‘रिलेटेडनेस’ (रक्तापलीकडेही घडणारं नातेपण) या शब्दाखाली लेखांची मोठी रांग लागते. हा शब्द तुझ्या यादीत नसेल, तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली अर्धी चर्चा तुला दिसणारच नाही.

आढावा घेणारे लेख आधी वाचावेत की नंतर, यावर आपलं पूर्वी बोलणं झालं होतं. मी अजूनही म्हणेन, आधी. ‘अॅन्युअल रिव्ह्यू ऑफ अँथ्रोपॉलॉजी’ १९७२ पासून निघतं. त्यातल्या नातेसंबंधांवरच्या लेखांच्या संदर्भसूचीच तुझं महिन्याचं काम वाचवतील. ज्या समाजाबद्दल काहीच ठाऊक नाही, त्याच्यासाठी डेव्हिड लेव्हिन्सन यांच्या संपादनाखाली निघालेला ‘एनसायक्लोपीडिया ऑफ वर्ल्ड कल्चर्स’ उघड, दहा खंड आहेत. त्यातली नोंद छोटी असते, पण नोंदीखाली दिलेले ग्रंथ निवडक असतात. ‘ओपन एनसायक्लोपीडिया ऑफ अँथ्रोपॉलॉजी’ संकल्पनांसाठी चांगला आणि खुला आहे. स्मिथसोनियनने काढलेले उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरचे बहुखंडी हँडबुक संच जुने झाले तरी त्यांच्या संदर्भसूची अजून कामाच्या आहेत.

नियतकालिकांची नावं बदलतात, तेही ध्यानात ठेव. ‘मॅन’ हे मानवशास्त्राचं नियतकालिक १९०१ मध्ये सुरू झालं आणि १९९५ पासून ते ‘जर्नल ऑफ द रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूट’ या नावाने येतं. एकाच नावाने मागितलंस तर अर्धे अंक ‘उपलब्ध नाहीत’ असं उत्तर येईल.

हस्तलिखितांकडे तू आज ना उद्या वळशीलच. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांची कागदपत्रं फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत आहेत, मानवशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांची लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, मालिनोव्स्कींची काही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि काही येलमध्ये. जाण्याआधी पेटीवार मार्गदर्शिका मागव. ती बहुधा संकेतस्थळावरच असते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. त्या वह्यांत कुणाचं मूल कुणाला दिलं, याची नावानिशी नोंद असू शकते आणि त्या घरांतले नातू-पणतू आज हयात असतील. काही संग्रह त्या समाजाच्या परवानगीशिवाय उघडत नाहीत. ही आडकाठी वाटली तरी तिचा मान राख. कागद संस्थेच्या कपाटात असले, तरी त्यातलं आयुष्य त्या माणसांचं आहे.

तुझ्या ग्रंथालयात ई-एचआरएएफची वर्गणी नसेल, तर संदर्भ ग्रंथपालांना भेटून नीट विचार. बाहेरच्या वाचकांना तिथे बसून वापरू देणारी ग्रंथालयं असतात. आंतरग्रंथालयीन देवघेवीतून पुस्तकंही येतात आणि लेखाच्या प्रतीही. त्यांना फक्त विषय सांगू नकोस. कुठली नावं, कुठले संकेत वापरून झाले आणि काय मिळालं नाही, ते लिहून ने. रिकाम्या हाताने परत आलेला शोधही टिपून ठेवलेला असला, की आम्हा लोकांना पुढचं दार कुठलं ठोठावायचं ते लगेच कळतं.

तू पत्रात ओशनिया म्हटलंयस, पण कुठले समाज ते लिहिलेलं नाहीस. दोन-तीन नावं कळव. कॅरल आणि ब्रेडी यांच्या ग्रंथांत त्यांवर प्रकरणं आहेत का ते मी बघते आणि जुनी नावं जितकी सापडतील तितकी यादी करून पाठवते. ती हाती आली की ५९७ ने सुरुवात कर.

तुझी,
जुनी मैत्रीण